मंडळाचा सभासद, लोकांचा प्रतिनिधी

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीसारख्या गावाचे सार्वजनिक जीवन ज्याला जवळून पाहावयाचे असेल, त्याने नगरपरिषदेच्या दप्तराबरोबरच येथील सेवामंडळांच्या सभांचीही दखल घेतली पाहिजे. रोटरी आणि लायन्स या दोन्ही जागतिक संघटनांचे क्लब येथे आहेत. मोतीबिंदूच्या तपासणीची शिबिरे, रक्तदान, कातकरी आणि ठाकर वाड्यांवरील मुलांना वह्यापुस्तके, अशा प्रकारची कामे ही मंडळे करीत असतात. आणि अशा कामांच्या व्यासपीठावर, कधी पाहुणा म्हणून तर कधी सभासद म्हणून, नगरसेवक, पक्षांचे तालुकाध्यक्ष आणि पुढील निवडणुकीची उमेद बाळगणारी मंडळी कोणत्याही तालुक्याच्या गावी हटकून दिसतात. ते पाहून सामान्य माणसाच्या मनात जो प्रश्न येतो तो अगदी साधा असतो : हा गृहस्थ येथे सेवेसाठी आला आहे की मतांसाठी? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर माणसाच्या मुद्रेवरून मिळत नाही. मंडळाने त्याच्याकडून काय कबूल करून घेतले आहे, त्याला कोणत्या नियमाने बांधले आहे, आणि तो नियम मोडल्यास त्याला कोणापुढे जाब द्यावा लागतो, हे पाहिल्यावाचून ते मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि महाराष्ट्राचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या मताला भरपूर आधार देतो.

१९०५ या एकाच वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन संस्था जन्मास आल्या. २३ फेब्रुवारीस अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन स्नेह्यांना एकत्र बसविले, आणि आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमण्याच्या त्यांच्या रिवाजावरून ज्या मंडळास रोटरी हे नाव पडले, ते पुढे जगभर पसरले. त्याच वर्षी १२ जूनला पुण्यास, फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवर, गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. पहिल्या संस्थेने राजकारण उंबरठ्याबाहेर ठेवले आणि आपापला व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात सेवा करावी असे सांगितले. दुसरीने राजकारण हीच सेवा मानली आणि त्यासाठी सभासदाचा व्यवसायच काढून घेतला. राजकारणी माणूस सेवासंस्थेत येतो तेव्हा तो यांपैकी कोणत्या परंपरेत पाऊल टाकीत आहे, हे त्यालाही आणि त्याच्या मतदारांनाही ठाऊक असावे.

या दोहोंच्याही आधी मुंबईत एक तिसरा प्रकार रुजला होता, तो फ्रीमेसन लोकांच्या बंधुमंडळांचा. ही मंडळे विलायतेतून आली आणि आरंभी त्यांची दारे हिंदी माणसास बंद होती. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश नाकारला गेला तेव्हा ते निराश होऊन बसले नाहीत. युरोपात गेले असता त्यांनी पॅरिस येथील लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या शाखामंडळात, दीक्षा घेतली. डॉक्टर जेम्स बर्न्स या कंपनीच्या नोकरीतील वैद्याने १८४३ साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापून हिंदी सभासदांसाठी मार्ग मोकळा केला. पुढे खुर्शेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे विद्वान, मुंबई महानगरपालिकेचे पितामह म्हणावेत असे फिरोजशहा मेहता, आणि स्वतः दादाभाई नौरोजी हे या बंधुमंडळाचे सभासद झाले. १८९२ साली दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अगदी मोजक्या मतांनी पार्लमेंटात निवडून गेले; त्या परक्या शहरात वर्षानुवर्षे त्यांनी जो स्नेहीवर्ग जमविला होता, त्यात या मंडळातले लोकही होते.

लॉजच्या बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालावयाचा नाही, हा नियम १७२३ सालच्या अँडरसनकृत घटनेपासून चालत आलेला आहे. मग फिरोजशहांसारख्या हाडाच्या राजकारण्यास तेथे काय मिळत असेल? माझ्या मते, तेथे त्यांना मिळाली ती बरोबरीची खुर्ची. कायदेकौन्सिलात हिंदी माणूस सरकारच्या नेमणुकीने बसत होता. लॉजमध्ये तो अधिकाराच्या क्रमाने, आपल्या दर्जाने, गोऱ्या माणसाच्या शेजारी आणि प्रसंगी त्याच्या वरच्या आसनावर बसत होता. स्वराज्याची मागणी करावयास निघालेल्या पिढीला हा अनुभव मोलाचा वाटला असल्यास नवल नाही. परंतु त्याची मर्यादाही उघड होती. ती बरोबरी बंद दाराआड होती; कोकणातील कुळाला किंवा गिरणीतील बिगाऱ्याला तिचा स्पर्शही नव्हता.

बंद दाराआडच्या बंधुत्वाचा एक देशी प्रयोगही याच मुंबईत झाला. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मानणार नाही, अशी प्रतिज्ञा करून सभासदाने पाववाल्याने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खावा, हा तिचा दीक्षाविधी. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे बाहेर फुटली, आणि उघडपणे बहिष्काराला तोंड देण्याची तयारी नसलेली ती सभा विरून गेली. जी शपथ गुप्त ठेवावी लागते तिच्या बळावर सार्वजनिक कार्य उभे राहू शकत नाही, हा धडा त्या चोरीने दिला. आणि १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने आपली उपासना उघड्या दारांनी चालविली.

यानंतर पुण्यात जे घडले त्याकडे आजच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, आणि त्या मांडण्यासाठी गावकऱ्यांचे एखादे अधिकृत मंडळ असावे या विचारातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली. तिचे प्राण होते गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक प्रेमाने सार्वजनिक काका म्हणत. सभेचा सभासद होण्यासाठी वर्गणी आणि प्रतिष्ठा एवढे पुरेसे नव्हते. निदान पन्नास प्रौढ माणसांनी सह्या करून दिलेले मुखत्यारपत्र ज्याच्यापाशी असेल, त्यालाच सभेत बसता येत असे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे अशा रीतीने सुमारे ६,००० लोकांच्या सह्या उभ्या होत्या. ज्या काळी या देशात मतदानाचा हक्क म्हणून काही नव्हता, त्या काळी वकील, सावकार, इनामदार आणि शिक्षक यांच्या एका मंडळाने प्रतिनिधित्वाचा दस्तऐवज आपण होऊन स्वतःवर लादून घेतला, ही गोष्ट मला आपल्या राजकीय इतिहासातील अत्यंत तेजस्वी गोष्टींपैकी एक वाटते. सार्वजनिक काकांनी हे प्रतिनिधित्व केवळ कागदावर ठेवले नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीचा वेष करून गेले. आणि १८७९ साली, आजच्या पनवेल तालुक्यातील शिरढोण गावी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे असता, ज्या काळी त्यांचे नाव घेण्यासही लोक कचरत होते, त्या काळी त्यांचे वकीलपत्र काकांनी घेतले.

सार्वजनिक सभेची आठवण आपल्या जिल्ह्याने आणखी एका कारणासाठी ठेवावी. १८९६-९७ च्या दुष्काळात, सभेची सूत्रे टिळकांच्या पक्षाकडे गेली असता, तिचे प्रतिनिधी ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत हिंडले, आणि दुष्काळात सारासूट, तगाई व मजुरीची कामे यांविषयी सरकारने स्वतःच केलेले नियम कोणते, हे त्यांनी रयतेला मराठीतून समजावून दिले. सरकारचा कायदा सरकारच्या रयतेला सांगणे हा त्यांचा अपराध ठरला. काही जणांवर खटले झाले, आणि १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. मान्यता गेल्याने सभेच्या अर्जांना उत्तर मिळेनासे झाले, हे खरे. पण अर्जाला उत्तर मिळत होते तेव्हाही जी गोष्ट रयतेला कळली नव्हती ती या हिंडण्याने कळली.

गोखले हे याच सभेच्या दप्तरात तयार झालेले. शिवाय डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून दरमहा ७५ रुपये वेतनावर सुमारे वीस वर्षे शिकविण्याची प्रतिज्ञा त्यांनी पाळली होती. तेव्हा १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाजाचे नियम केले ते स्वतः न उचललेले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणाऱ्याने केलेले नव्हते. सभासदाने देशाचे हित सर्वांत आधी पाहावे. जातिधर्माचा भेद न करता सर्व हिंदवासीयांस बंधू मानावे. समाज आपल्या व आपल्या कुटुंबाच्या निर्वाहास जे देईल त्यात संतुष्ट राहावे आणि स्वतःसाठी म्हणून द्रव्य मिळवू नये. खाजगी आयुष्य निर्मळ ठेवावे. कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये. अशा स्वरूपाच्या सात प्रतिज्ञा त्यास कराव्या लागत, आणि त्यानंतर पाच वर्षे उमेदवारीत अभ्यास व देशाटन करावे लागे. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे गोखल्यांसह पहिले सभासद. राजकारणात अध्यात्मवृत्ती आणावी अशी गोखल्यांची आकांक्षा होती, आणि ती त्यांनी व्याख्यानापेक्षा नियमावलीत अधिक उतरविली, म्हणून ती टिकली.

नियमांचा हा कठोरपणा थोर माणसापुढेही वाकला नाही. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत निवर्तले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेहून नुकत्याच परतलेल्या गांधीजींनी समाजात प्रवेश मिळावा अशी इच्छा व्यक्त केली. गोखल्यांचा त्यांच्यावर पुत्रवत् लोभ होता, हे सर्वांस माहीत असूनही गांधीजींची कार्यपद्धती समाजाच्या पद्धतीशी जुळणार नाही असे काही सभासदांनी स्पष्टपणे सांगितले, आणि सभासदांत दुफळी होऊ नये म्हणून गांधीजींनी स्वतःच अर्ज मागे घेतला. दोन्ही पक्षांची यात शोभाच झाली. नाव मोठे म्हणून नियम सैल करणाऱ्या संस्था आपण नित्य पाहतो; त्या वेळी पुण्याच्या त्या मूठभर माणसांनी तसे केले नाही.

या समाजाने देशास जे लोकप्रतिनिधी दिले त्यांत नारायण मल्हार जोशी हे आपले. ५ जून १८७९ रोजी त्यांचा जन्म जुन्या कुलाबा जिल्ह्यातील, माणगाव तालुक्याच्या गोरेगावी झाला. पुण्यास डेक्कन महाविद्यालयात शिकून काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९०९ साली ते भारत सेवक समाजात आले, आणि समाजाने त्यांना मुंबईत धाडले. १९११ साली त्यांनी तेथे सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, तिचे अध्यक्षपद सर नारायण चंदावरकर यांच्याकडे होते. परळच्या गिरणगावात रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या आणि चाळीतील भांडणांत कामगारास कायद्याचा सल्ला, अशी लीगची कामे एकामागून एक उभी राहिली.

येथे खोपोलीचा संबंध येतो, आणि तो दुरून जोडलेला नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांत अडविलेले पावसाचे पाणी घाटमाथ्यावरून नळांतून खाली सोडून टाटांनी खोपोलीस जे वीजकेंद्र उभारले, त्याची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. या विजेने गिरण्यांचा धूर कमी केला आणि यंत्रांना स्वस्त शक्ती दिली. पण गिरण्यांत विजेचे दिवे आल्यापासून सूर्यास्ताचे नैसर्गिक बंधन नाहीसे झाले होते, आणि कामाचा दिवस कोठे संपावा हे ठरविण्यास आता कायद्याखेरीज दुसरा उपाय उरला नव्हता. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामास १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ च्या कायद्याने ती दिवसास ११ तास आणि आठवड्यास ६० तास अशी झाली. घाटाखाली कोसळणाऱ्या पाण्याने फिरणाऱ्या त्या चात्यांपुढे जी माणसे उभी होती, त्यांत रत्नागिरी आणि कुलाब्याच्या खेड्यांतून आलेले असंख्य लोक होते. आणि त्यांची दाद मागण्यासाठी कायदेमंडळात जो माणूस उभा राहिला तोही कुलाब्याचाच होता.

१९२१ सालापासून सुमारे पाव शतक जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारच्या नेमणुकीने बसत. नेमणुकीच्या जागेवरील माणूस सरकारचा मिंधा असतो असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो बहुधा खरा असतो. जोशांच्या बाबतीत तो खोटा ठरला, याचे कारण त्यांच्या स्वभावाइतकेच त्यांच्या सभासदत्वात आहे. त्यांचा चरितार्थ समाजाकडून मिळणाऱ्या ठराविक अल्प रकमेवर चालत होता. सरकार त्यांना देऊ शकेल अशी कोणतीही वस्तू घेण्यास ते शपथेने अपात्र होते. मद्रासेत संप चालविणाऱ्या पुढाऱ्यांवर गिरणीमालकांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळविला, तेव्हा कामगारसंघास कायद्याचे संरक्षण असावे असा ठराव जोशांनी १९२१ साली मांडला. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा ही त्या ठरावाची परिणती. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरली तिच्या संस्थापकांत जोशी होते, आणि पुढे अनेक वर्षे ते तिचे सरचिटणीस होते. त्यांचे राजकारण मवाळ होते. जहाल कामगारपुढाऱ्यांशी त्यांचे पटले नाही आणि १९२९ साली ते संघटनेतून बाहेरही पडले. तथापि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास प्रतिपक्षालाही जागा सापडली नाही, ही कमाई लहान नव्हे.

लीगच्या कामाचा एक धागा पुन्हा आपल्याच जिल्ह्यात येतो. परळच्या, लीगच्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी जी सभा भरली तीतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची बहिष्कृत हितकारिणी सभा निर्माण झाली. त्याआधी १९२३ च्या ऑगस्टात सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात मंजूर करून घेतला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारला होता. पण पाण्याला हात लावण्याचे धैर्य ठरावातून येत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर ते प्रत्यक्षात आले. त्या चळवळीत बाबासाहेबांच्या बाजूस उभे राहिलेल्या सवर्णांत महाडच्या नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस होते आणि सोशल सर्व्हिस लीगचे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते; २५ डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धेच. लीगची प्रेरणा रात्रीच्या शाळा चालविण्याची होती. तिच्यातील एका माणसास ती महाडपर्यंत घेऊन गेली. सेवेचे काम मनापासून करणारा माणूस केव्हा तरी अन्यायाच्या मुळाशी जाऊन पोहोचतो, आणि मग त्याला राजकारण टाळता येत नाही.

कर्जत तालुक्यातील माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचे आयुष्यही याच वाटेने गेले. १ डिसेंबर १९१२ रोजी नाभिक कुटुंबात जन्मलेला हा तरुण वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून त्याने धान्याच्या पेढ्या काढल्या, खेड्यांत शाळा उघडल्या. हे सर्व कोणत्याही सेवामंडळाच्या अहवालात शोभावे असे काम. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज वाहून नेणारे उंच मनोरे पाडण्याचे धाडस त्या दस्त्याने केले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मे झाले. नगरपालिकेच्या खुर्चीपासून सिद्धगडापर्यंतचे हे अंतर त्यांनी तिशी उलटते न उलटते तोच कापले, आणि कर्जतच्या ज्या खेड्यांनी त्यांना लपविले, जेवू घातले, ती धान्यपेढ्यांमुळे त्यांच्याशी आधीच बांधली गेलेली होती.

आता आजच्या क्लबांकडे वळू. रोटरी मुंबईत १९२९ साली आली. मेल्विन जोन्स यांनी १९१७ साली शिकागोत सुरू केलेली लायन्स संघटना भारतात १९५६ साली मुंबईतूनच शिरली. दोन्ही संघटनांचे नियम पक्षीय राजकारणास मज्जाव करतात : क्लबाने कोणत्याही उमेदवाराचा पुरस्कार करावयाचा नाही. सभासदाने मात्र व्यक्तिशः राजकारण करू नये असे कोठेही म्हटलेले नाही, आणि क्लबाच्या कामातून राजकारणात गेलेल्या माणसांची उदाहरणे जगभर आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या आपल्या खेड्यात लायन्सचे सभासद होते आणि १९६८-६९ मध्ये संघटनेचे प्रांतपालही होते. अध्यक्षपद गेल्यावर त्यांनी आफ्रिकेतील नारूसारख्या रोगांच्या निर्मूलनास जे उत्तरायुष्य वाहिले, ते पाहता त्यांच्या बाबतीत सेवा ही निवडणुकीची पायरी होती असे कोणीही म्हणणार नाही.

या क्लबांच्या कामास हलके लेखणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मी त्यांत नाही. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले, आणि आज मोतीबिंदूच्या ज्या शिबिरास खालापूरच्या एखाद्या वाडीवरची आजी जाते त्याचा उगम त्या आवाहनात आहे. रोटरीने १९८५ साली पोलिओनिर्मूलनाचा संकल्प सोडला; भारतातील शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागास पोलिओमुक्त ठरविले. सरकारी यंत्रणा, आरोग्यसेविका आणि असंख्य स्वयंसेवक यांचे ते श्रेय आहेच, पण चिकाटीने पैसा आणि माणसे पुरविणाऱ्या या क्लबांचेही आहे. त्यांचा दोष दुसरा होता, आणि तो मोठा होता : १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दोन्ही संघटनांत स्त्रियांना सभासदत्व नव्हते. लायन्सने १९८७ साली आणि रोटरीने १९८९ साली तो नियम बदलला. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांच्या राखीव जागा १९९० च्या दशकात एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या झाल्या. तेव्हा सार्वजनिक कामाचा पूर्वानुभव घेण्याची जी संधी पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाली, ती स्त्रियांच्या हाती फार उशिरा आली, हे नव्या नगरसेविकेचे मूल्यमापन करताना विसरता कामा नये.

क्लबाच्या घटनेतील एक तरतूद मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. रोटरीचे वर्ष १ जुलैस सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्षपद एका वर्षाचे. कार्यकर्ता कितीही कर्तबगार असो, वर्ष भरताच त्याने हिशेब देऊन खुर्ची दुसऱ्यास द्यावयाची. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत संपल्यावर, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात पडून असता, काही वर्षे निवडणुका झाल्याच नाहीत आणि कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या काळात कित्येक गावांत नियमितपणे निवड होऊन अध्यक्ष बदलत होते ते फक्त अशा खाजगी मंडळांतच. ज्यांना लोकांनी निवडून द्यावयाचे त्यांची निवड थांबलेली, आणि सभासदांनी निवडावयाचे त्यांची निवड सुरळीत, ही स्थिती कोणाही विचारी माणसास अस्वस्थ करणारी आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाखालच्या ठाकरवाडीवर दरड कोसळली, तेव्हा सेवा म्हणजे काय याची परीक्षा या परिसराने दिली. पाऊस आणि धुके यांमुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हते. यंत्रे वर नेण्यास रस्ता नव्हता. चिखलाची चढण पायीच चढावी लागत होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांबरोबर आसपासच्या गावांतील डोंगर चढणारी मुले, अपघातात मदतीस धावणारे स्वयंसेवक आणि निरनिराळ्या मंडळांचे सभासद तेथे होते. तत्कालीन मुख्यमंत्रीही ती वाट पायी चढून गेले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. खाली चौक गावाच्या बाजूस जे अन्न, कपडे आणि औषधे जमली त्यांचा ओघ इतका मोठा होता की त्याच्या वाटपासच व्यवस्था लागली. त्या रात्री वर कोण गेले हे त्या परिसरातील लोकांना बिनचूक ठाऊक आहे, आणि निवडणुकीच्या पत्रकात कोणी काही छापले तरी त्यांच्या स्मरणात फरक पडणार नाही.

पण प्रत्येक सेवा दरडीच्या रात्रीइतकी उघड्यावर होत नाही, म्हणून एक सूचना करतो. सेवाभावी म्हणवणाऱ्या आपल्याकडील बहुतेक नोंदलेल्या संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली येतात आणि तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दाखल करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. जो उमेदवार आपल्या परिचयपत्रकात अमुक मंडळाचा माजी अध्यक्ष असे मोठ्या अक्षरांत छापतो, त्याने त्याच्याच खाली, आपल्या अध्यक्षपदाच्या वर्षी मंडळाकडे किती रक्कम जमली, ती कोणत्या वाडीवर आणि कशासाठी खर्च झाली, आणि शिल्लक किती राहिली, एवढ्या तीन ओळी छापाव्यात. खोपोलीच्या आणि कर्जतच्या मतदारांनी ती पत्रके घरी ठेवून घ्यावीत, आणि पुढच्या वेळी तोच उमेदवार दारी आला की त्याच्यापुढे धरावीत.